सव्वीस माणसांची आचारसंहिता

मी आभार फार मानतो. चांगली सवय म्हणून सांगत नाही, आजार म्हणून सांगतोय. बसचा कंडक्टर माझ्यावर खेकसला, "ओ, पुढे सरका ना, दारात काय फोटो काढायचाय?" तरी माझ्या तोंडून "थँक्यू साहेब" निघतं. दाताच्या डॉक्टरने चुकीच्या बाजूला सुई टोचली तेव्हाही मी बधिर तोंडाने आभारच मानले होते. मुंबईत मला चौदा वर्षं झाली, तरी अजून वाटतं की एक दिवस कोणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारेल, "तुम्ही इथे कसे? कागद दाखवा." माझ्याकडे कागद नाहीत. नववीत गणितात गेलो आणि मग शाळेतच गेलो नाही. गाव नांदेडच्याही पुढे. नांदेडला उतरल्यावर आणखी दोन गाड्या बदलायच्या, त्यातली दुसरी तिच्या मनात येईल तेव्हा येते. इतक्या लांबून आलेल्या माणसाला जिथे कोणी हाकलत नाही, तिथे तो आभार मानतच उभा राहतो.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी लेबल छापायचं मशीन चालवतो. मसाले, लोणची, पापड, फिनेल, सगळ्यांची लेबलं. आमच्याकडे एक पद्धत आहे. पॅकिंगच्या टेबलावर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार बांधलेली आहे, त्या तारेला कपड्यांचे चिमटे. ज्याच्या हातून लेबल बिघडेल त्याचं ते लेबल चिमट्याला लावून टांगायचं, खाली पेनाने नाव लिहायचं. शनिवारी तार रिकामी होते आणि ज्याची जास्त टांगली असतील तो सगळ्यांना चहा पाजतो. टेबलाची मुख्य म्हणजे मावशी. मावशी देवगडच्या बाजूची. सासरे गिरणीत होते, नवरा गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झाला, आणि मावशी गेली वीस वर्षं इथे. बिघडलेलं लेबल ती लांबूनच ओळखते. "मेल्या, ह्यां काय? लोणच्यार फिनेलची तारीख? गिऱ्हाईक जेवतला की लादी पुसतला?" असं म्हणून चिमटा लावते. मी मावशीचेही आभार मानतो. मावशी म्हणते, "ह्येका खूळ लागलाहा."

हे आधी सांगितलं, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या तारेत आहे.

गाळ्यातला लेबलांचा जुना प्रोग्रॅम एक दिवस बंद पडला. बनवणाऱ्या कंपनीनेच त्याला सोडून दिलं होतं. मग शोधता शोधता मला एक फुकट मिळणारा मराठी प्रोग्रॅम सापडला. तो नुसता फुकट नव्हता, त्याचं बॉनेट उघडं होतं. म्हणजे आतला सगळा मजकूर कोणीही वाचावा, बिघाड दिसला तर दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती मूळ लोकांकडे पाठवावी. त्यांना पटली तर ती सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जाते. मला हे खरंच वाटेना. आमच्या गाळ्यात मशीनचं झाकण उघडायलाही परवानगी लागते, आणि इथे लोक म्हणतायत, या, उघडा, हात घाला.

हा प्रोग्रॅम सांभाळणारी माणसं सव्वीस. बहुतेक सगळी आपल्याच उपनगरांतली, आणि कामाचं बोलणं एका ग्रुपवर, मराठीत. सगळ्यात वरचे म्हणजे सर. बोरिवलीला राहणारे निवृत्त इंजिनियर. प्रोग्रॅमचा पाया त्यांनीच घातला होता. त्यांना मी पहिलं पत्र लिहिलं ते एकट्यांना. त्यात भीत भीत लिहिलं होतं की सर, मी नववीत शाळा सोडलेला माणूस आहे, मला शिकायचं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. सरांचं उत्तर एका ओळीचं: "शाळेचं जाऊ दे, दुरुस्ती पाठव."

मी पाठवली. सरांनी ती परत पाठवली, प्रत्येक ओळीसमोर काय चुकलं ते लिहून. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. पाचव्यांदा त्यांनी लिहिलं, "चालेल." त्या एका शब्दावर मी आठवडाभर चाललो. पुढची दोन वर्षं अशीच गेली. माझा डबा खायचा अर्धा तास, शेजारी कॉम्प्युटर, आणि सरांचे शेरे. शाळेत कोणी माझी वही इतकी वाचली नव्हती.

बाकी ग्रुपला माझी शाळा माहीत नव्हती. कोणीतरी एकदा विचारलं, "तुम्ही कुठे असता?" मी लिहिलं, "मरोळला, इंडस्ट्रीत." खोटं नव्हतं. त्यावर एकाने लिहिलं, "वा, म्हणजे प्रॉडक्शन इंजिनियर!" मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ ज्याने त्याने घ्यावा.

आता माझा पराक्रम.

आमच्या मशीनवर लेबलचा रोल ज्या ब्रॅकेटवर बसतो तो ब्रॅकेट एक दिवस तुटला. मालक म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे." म्हणून आम्ही रोल उलट्या बाजूने घातला. रोलवर दुकानाचं चित्र आधीच छापलेलं असतं, आम्ही फक्त वजन आणि तारीख टाकतो. रोल उलटा, त्यामुळे चित्र सुलटं आणि तारीख डोक्यावर उभी. मावशीने दिवसभर चिमटे लावले. तार संपली, चिमटे संपले. मी घाबरलो, आणि प्रोग्रॅमचं बॉनेट उघडून छपाई उलटी करून टाकली. छान सुलटं आलं. मला इतका आनंद झाला की मी ती दुरुस्ती ग्रुपकडे पाठवली. वर लिहिलं: "उलटं छापण्याचा दोष दूर केला. सर्वांचे आभार."

दोष प्रोग्रॅममध्ये नव्हता, आमच्या ब्रॅकेटमध्ये होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी डोळ्यावर पट्टी बांधून होते. त्यांच्या जागी मुलुंडच्या मॅडम बघत होत्या. मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांनी माझं नम्र पत्र वाचलं आणि दुरुस्ती न तपासता मंजूर केली. नवीन प्रोग्रॅम सगळ्यांकडे गेला.

दोन दिवसांत बोरिवलीच्या बायकांच्या पापड-गटाचा फोन, की तारीख डोक्यावर उभी आहे. घाटकोपरच्या एका छोट्या वाचनालयाने पुस्तकांना नंबर लावायला हाच प्रोग्रॅम घेतला होता. तिथल्या एका कष्टाळू कार्यकर्त्याने तक्रार न करता एक अख्खं कपाट पुस्तकं उलटी लावली, म्हणजे नंबर सुलटे वाचता यावेत. त्याच्यात मला मीच दिसलो.

सरांची पट्टी निघाली आणि त्यांनी पहिली गोष्ट वाचली ती ही. मग त्यांनी प्रोग्रॅम पूर्ववत केला आणि ग्रुपवर, सव्वीस जणांसमोर, त्यांचा मेसेज आला:

"हा बदल ज्याने पाठवला त्याने रोल उलटा बसवून प्रोग्रॅम सुलटा केला आहे. नववीत शाळा सोडलेल्या माणसाकडून आणखी काय होणार? सर्वांनी उदाहरण म्हणून लक्षात ठेवावे."

खाली माझं नाव. आणि त्यांनी तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करून टाकला, म्हणजे कोणीही ग्रुप उघडला की आधी तो दिसणार.

मी चार मिनिटांत उत्तर दिलं, सगळ्यांना दिसेल असं: "चूक दाखवून दिल्याबद्दल सरांचे मनःपूर्वक आभार." पुढे हात जोडलेली तीन चित्रं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. मी तो मेसेज गाळ्यात दाखवत फिरलो. "बघा, इथेही तार आहे! माझं लेबल टांगलं सरांनी!" हसत हसत दाखवत होतो. मावशीने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अंगठो काड."

"काय?"

"अंगठो काड मेल्या, खालचां दिसना नाय."

माझा अंगठा दुसऱ्या ओळीवर होता. तिघांना दाखवून झालं होतं आणि तिन्ही वेळा अंगठा तिथेच होता, हे मला तेव्हा कळलं. मी काढला. मावशीने वाचलं. फोन परत दिला आणि म्हणाली, "आमी लेबल टांगतंव. तुझी शाळा कोणी टांगल्यान काय कदी?"

"अगं मावशी, तसं नाही. सरांचा स्वभाव आहे तो. मनात काही नसतं."

"त्येंच्या मनात नसात. तुझ्या मनात काय आसा?"

"माझ्या मनात आभार आहेत," मी म्हणालो. मावशीने माझ्याकडे तारखेच्या चुकीकडे बघतात तसं बघितलं आणि कामाला लागली.

दहा दिवसांनी मुलुंडच्या मॅडमनी ग्रुपवर एक मसुदा टाकला. जगभर असे प्रोग्रॅम करणारे लोक एक आचारसंहिता पाळतात, आपणही करावी, असं त्यांचं म्हणणं. मी मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आचारसंहिता? निवडणूक इली?" मी म्हटलं, "नाही, माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम." मावशी म्हणाली, "सव्वीस मानसांक? आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडां होती, आमी नळार भांडॉन मोकळी."

ग्रुपवरही साधारण हेच सुरू झालं. डबा खाताना मी वाचायचो. घास हातात राहायचा.

"कामाचं बोला. नियम कसले करताय? सोसायटी आहे का ही?"

"सोसायटीतसुद्धा नियम असतात!"

"म्हणून तर मी तिथल्या मीटिंगला जात नाही."

"उद्या 'हे चुकलंय' म्हणायची पण चोरी. सगळ्यांना गोड गोड बोलायचं आणि लेबल उलटी छापायची. झकास."

"चुकलं म्हणायला कोणाची ना नाही. माणूस काढायचा नाही, एवढंच."

"आपल्यावर संस्कार आहेत, आपल्याला कागद कशाला?"

"संस्कार कोणाचे? तुमच्या घरचे की माझ्या घरचे?"

या सगळ्यात माझा उल्लेख 'संबंधित सदस्य' असा येत होता. एकदा 'तो बिचारा' असा आला. एकदा 'तो मुलगा'. मी चौतीस वर्षांचा आहे, केस मागे सरकलेत. पण दुरुस्त कसं करायचं? "मी मुलगा नाही" लिहिलं तर लोक म्हणतील, बघा, आता बोलतोय. म्हणून मी कोणाच्याही मेसेजला अंगठा दिला नाही. मग वाटलं, अंगठा न देणं उद्धट दिसेल. म्हणून सगळ्यांना दिला. दोन्ही बाजूंना. एकाने विचारलंच, "यार, तुमचं नक्की मत काय आहे?" त्यालाही दिला.

मग सरांनी लिहिलं. लांबलचक लिहिलं, जे ते कधी करत नाहीत. हा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने सुरू केला. तोंडावर बोलतात म्हणून काम चोख होतं. "बारा वर्षांत माझ्या बोलण्यामुळे एक तरी माणूस गेला असेल तर दाखवा. दाखवलात तर मी तुमच्या नियमांवर सही करेन. नाही दाखवलात आणि तरी हे आणलंत, तर मी निघालो."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. सर गेले तर माझी वही कोण वाचणार? त्या संध्याकाळी मॅडमचा मला एकट्याला मेसेज आला: "तुम्हाला वाईट वाटलं होतं का? खरं सांगा. आणि दुरुस्ती मी न तपासता मंजूर केली, तीही चूक होतीच." मी लिहिलं, "नाही मॅडम, अजिबात नाही. आभार." दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला, मेसेजपेक्षा म्हातारा होता.

"तुला माझं काही लागलं का रे?"

"छे छे, सर."

"मग रविवारी मीटिंगमध्ये तेवढं सांग. संपला विषय."

"हो सर. नक्की सर. थँक्यू सर."

फोन ठेवला आणि मॅडमचा पुन्हा मेसेज: रविवारी तुम्ही जे वाटलं ते बोलाल ना? मी लिहिलं: "हो मॅडम, नक्की."

दोघांना हो म्हणून झालं. एवढा मुत्सद्दीपणा मी कॉम्प्युटरवर दाखवला असता तर आज कुठे असतो.

मीटिंगसाठी भाषण लिहायला घेतलं. कागद नव्हता, म्हणून रद्दीतल्या लेबलांच्या पट्टीवर लिहिलं, एका लेबलवर एक वाक्य. बावीस लेबलं झाली. लिहिता लिहिता मी प्रोग्रॅम उघडून बघितला, म्हटलं आपण शेवटची दुरुस्ती कधी पाठवली ते तरी नमूद करू. पाठवलेली शेवटची, तीच उलटी. त्यानंतर काहीच नाही. पण माझ्या कॉम्प्युटरवर तीन दुरुस्त्या तयार पडल्या होत्या. एक तर महिन्याभरापूर्वीची, स्वच्छ, तपासलेली. दोनदा नाही, नऊ वेळा तपासलेली. एकदा ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याकडून नीट करून आणून तपासलेली. मी स्वतःला सांगत होतो की अजून एकदा बघू, मग पाठवू. रोज तेच सांगत होतो. आणि ग्रुप उघडायचो तेव्हा स्क्रीनचा वरचा भाग, जिथे तो पिन केलेला मेसेज असतो, तो हाताने झाकून खालचं वाचायचो. महिनाभर. डोळ्यावर ऊन येतं म्हणून, अशी माझी समजूत. आमच्या गाळ्यात ऊन येत नाही.

रविवारी सकाळी मरोळहून बस पकडून, बदलून, मुलुंडला पोचलो. मॅडमच्या सोसायटीचा हॉल होता. अर्धा तास आधी पोचलो आणि बाहेर झाडाखाली उभा राहिलो, आत जाऊन कोणी विचारलं "कोण हवंय?" तर काय सांगायचं म्हणून. मग सर आले. डोळ्याला काळा चष्मा, पांढरा हाफ शर्ट, हातात छत्री. फोटोपेक्षा बुटके. हॉलच्या दाराशी पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात, खुर्च्या ओढू नयेत, वाढदिवसाला केक तोंडाला व भिंतीला फासू नये, मोठ्याने वाद घालू नये. सरांनी चष्मा वर करून सगळी पाटी वाचली, शेवटपर्यंत. मग निमूट चपला काढल्या, एकाला एक लावून सरळ ठेवल्या आणि आत गेले. मी त्यांच्या चपलांच्या शेजारी माझ्या ठेवल्या. जरा लांब.

अकरा जण जमले होते. खुर्च्या उचलून मांडल्या गेल्या. मॅडमनी मसुदा वाचला. सरांच्या बाजूच्या एकाने म्हटलं, "हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे." मॅडमच्या बाजूची एक तरुण मुलगी म्हणाली, "आणि प्रोग्रॅम काय दादरच्या चौपाटीवर सापडला का?" मग दोघंही पाटीकडे बघून आवाज खाली आणून भांडू लागले. ते फार विचित्र ऐकू येत होतं, दवाखान्यात भांडल्यासारखं.

सर उठले. "मी एकच विचारलं होतं. बारा वर्षं. एक माणूस दाखवा, जो माझ्या बोलण्यामुळे गेला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सरांनीही बघितलं, जरा मान हलवून, म्हणजे, हं, सांग आता. मी उभा राहिलो. खिशातून पट्टी काढली. ती उलगडत उलगडत गुडघ्यापर्यंत गेली, जन्मपत्रिकेसारखी. समोरचे लोक हसले. पहिल्या लेबलवर लिहिलं होतं, 'सर्वांचे आभार.' दुसऱ्यावर, 'सरांचे विशेष आभार.' तिसऱ्यावर, 'मॅडमचे विशेष आभार.' पुढे शोधलं. बावीसही लेबलांवर आभारच होते.

मी पट्टी गुंडाळली.

"मी," मी म्हणालो.

"मी काय?" सर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत ना, कोण गेलं. मी. म्हणजे गेलेलो नाही अजून. जातोय. तीन दुरुस्त्या तयार आहेत, महिना झाला, पाठवत नाहीये. तपासतोय असं वाटत होतं मला. पण तपासून झाल्यात."

मी थांबायला हवं होतं, पण एकदा तोंड उघडलं की माझं असंच होतं.

"प्रोग्रॅम उलटा केला ते मीच केलं. त्यावर कितीही बोला सर, आमच्याकडे तारच आहे त्यासाठी. पण नववीचं मी तुम्हाला एकट्याला लिहिलं होतं. इथे मला सगळे इंजिनियर समजत होते. मी समजू दिलं, ती माझी लबाडी. पण ते सांगायचं तर मी सांगितलं असतं. कधीतरी. बहुतेक नसतं सांगितलं. तरी ते माझं होतं."

सरांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. "मी तुला फोनवर विचारलं. नाही म्हणालास."

"हो सर."

"मेसेजखाली आभार मानलेस! तीन तीन नमस्कार!"

"सवय आहे सर."

लोक हसले. मीही हसलो. सर नाही हसले. त्यांनी चष्मा शर्टाला पुसला, खूप वेळ पुसला. "मला वाटलं, तुला चालतं," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, सर."

मग ते खाली बसले. मॅडमनी काही बोलायच्या ऐवजी चहा आणायला सांगितला, ही त्यांची हुशारी. चहा होईपर्यंत सर मसुद्याचा कागद डोळ्याजवळ धरून वाचत होते. कप अर्धा झाल्यावर म्हणाले, "सही करतो म्हणालो होतो, करतो. पण हे असलं गुळमुळीत मराठी नको. 'परस्पर सौहार्द'! कोण बोलतं असं? पहिला नियम लिहा: काम उलटं असेल तर उलटं आहे असं स्पष्ट म्हणावं."

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "दुसरा मसुद्यातला आहे तसाच. तिसरा माझा: चूक आधी त्या माणसाला एकट्याला सांगावी. आणि कोणी विश्वासाने सांगितलेलं सगळ्यांसमोर काढू नये."

सरांनी मान हलवली. कबूल आहे असं म्हणाले नाहीत, फक्त 'विश्वासाने' शब्दावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसले.

सात नियम झाले. भांडून झाले, हळू आवाजात. आठवा नियम सर आणि मॅडम या दोघांनी एकाच वेळी सुचवला, आणि तेवढा एकच नियम सर्वांच्या मताने मंजूर झाला: आभाराचा मेसेज सव्वीस जणांना पाठवू नये, ज्याचे मानायचे त्यालाच पाठवावा. मी पण हात वर केला. न करून कोणाला सांगतो.

सोमवारी डब्याच्या वेळी सरांचा फोन आला. पिन केलेला मेसेज काढायचा होता, पण कसा काढतात ते त्यांना येत नव्हतं. "लावताना लागला पटकन," ते कुरकुरले. मी सांगत गेलो, त्यावर बोट दाबून धरा सर, वर टाचणी दिसेल, नाही, ती नाही, ती कचऱ्याची पेटी आहे. दोनदा चुकले. मी म्हणालो, हळू करा सर, घाई नाही. माझी शाळा तारेवरून उतरवायला मीच मदत करत होतो आणि मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मावशी समोरून बघत होती. उतरल्यावर मी तिला खूण केली. तिने तारेवरचा एक मोकळा चिमटा उघडून बंद केला, टक्.

त्या आठवड्यात मी तिन्ही दुरुस्त्या पाठवल्या. सरांनी दोन परत केल्या, प्रत्येक ओळीसमोर शेरा लिहून. एका शेऱ्यात होतं, "हे मूर्खासारखं आहे." आचारसंहितेत बसतं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कामाला म्हणालेत, पहिला नियम." तिसरीला सरांनी "चालेल" लिहिलं.

आचारसंहिता प्रोग्रॅममध्ये टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण टायपिंग चांगलं. शुक्रवारी ती सगळ्यांकडे गेली. मला इतकं भरून आलं की काय लिहू आणि काय नको असं झालं. सरांनी सही केली, मॅडमनी कष्ट घेतले, लोक भांडले पण कोणी निघून गेलं नाही, आणि मीही नाही. मी ग्रुपवर लिहिलं: "आज आपण सर्वांनी मिळून ही आचारसंहिता केली, त्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार." पुढे हात जोडलेली तीन चित्रं. पाठवून टाकलं, सव्वीस जणांना.

मग माझा फोन वाजला. ग्रुप नव्हता. सरांचा मेसेज, मला एकट्याला.

"नियम आठ," त्यांनी लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ: "एकट्याला सांगतोय. नियम तीन."

मी उत्तर लिहायला घेतलं. 'आ' टाईप केला, 'भा' टाईप केला, मग आठवलं की एकट्याला चालतं. पाठवून टाकलं.